आतोबांच्या दिवाळ्याची पत्रिका

लोक लग्नाची तयारी करतात तशी दिवाळ्याची तयारी करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या सख्ख्या आत्याचा नवरा निघाला. तंजावूरमध्ये बुडालेली माणसं थोडी नाहीत. कोणी केळीच्या बागेत बुडालं, कोणी भिशीत, कोणी जावयाच्या धंद्यात. पण ती बिचारी मान खाली घालून, शेजाऱ्याला चाहूल लागू न देता बुडाली. आमचे आतोबा बुडायला निघाले ते पंचांग पाहून, पत्रिका छापून आणि केळीची पानं मांडून.

राजवाड्यामागच्या गल्लीत आतोबांचं दुकान आहे. लग्नामुंजीची भांडी भाड्यानं देण्याचं. हंडे, पराती, तपेली, झारे, ओगराळी, सांबाराच्या बादल्या, सगळं छतापर्यंत रचलेलं. आत शिरायचं तर अंग चोरून शिरावं लागतं, आणि शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकावी लागते, कारण आत शिंकलं की पळ्या खाली येतात. आमची मराठी घरं या गावात राजांच्या मागोमाग आली, राजे गेले आणि आम्ही राहिलो. यावर आतोबांचा स्वतःचा इतिहास आहे. "जे तलवारी घेऊन आले ते लढाईत संपले," ते सांगतात. "आपले पूर्वज भांडी घेऊन आले. म्हणून तू आज इथं बसून कॉफी पितोयस."

कॉफी पितानासुद्धा ते आधी पेल्यावर बोटाच्या पेरानं टिचकी मारतात, मान तिरकी करून आवाज ऐकतात आणि मगच तोंडाला लावतात. हे त्यांचं सगळीकडे चालतं. दवाखान्यात त्यांना सलाईन लावलं होतं तेव्हा नर्स सुयांचा ट्रे घेऊन आली. आतोबांनी पडल्या पडल्या हात लांब करून ट्रेवर टिचकी मारली, आणि नाडी बुडालेल्या आवाजात म्हणाले, "पातळ आहे हो. कोणी दिला तुम्हाला?" माझ्या लग्नाच्या आधी मुलगी पाहायला गेलो होतो तेव्हा सगळ्यांचं लक्ष मुलीकडे आणि यांचं पोह्यांच्या ताटलीकडे. बाहेर आल्यावर मी विचारलं, "कशी वाटली?" तर म्हणाले, "उत्तम. जड आहे, आणि नाद लांबतो." मी घाबरून दोन दिवस होकारच कळवला नाही.

या सगळ्या भांड्यांची राणी म्हणजे थोरली. थोरली ही काहील आहे. पितळेची, चार माणसं दोन बांबू घालून उचलतात एवढी. तिच्यात एकदा पायस शिजलं की अख्खी गल्ली जेवून उरतं. आतोबांना मूलबाळ नाही. त्यामुळे की काय कोण जाणे, ते थोरलीबद्दल बोलतात तेव्हा ऐकणाऱ्याचा घोटाळा होतो. "थोरली कुंभकोणमला गेलीय, गुरुवारी येईल." "थोरलीला पावसात ठेवली रे त्यांनी, काळवंडून आली." गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या एका बाईनं मोठ्या आपुलकीनं आत्याला विचारलं, "तुमच्या थोरलीला मुलं किती?" आत्या मिरच्या निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मुलं कुठली, तिला कल्हई करायचीय अजून."

आता अशा माणसाचं दिवाळं निघण्याची वेळ का यावी? तर त्याला कारण आतोबांचा शिष्टाचार. भाडं मागणं त्यांना जमत नाही. लग्न झाल्याच्या दुसऱ्या दिवशी भांडी परत येतात, तेव्हा हे म्हणतात, "मुलगी कालच सासरी गेली, घर रडतंय, आज पैसे कसे मागायचे?" महिन्याभरानं म्हणतात, "अजून दागिन्यांचे हप्ते चालू असतील." मग मुलीचं डोहाळजेवण येतं, त्याला यांचीच भांडी जातात. मग बारसं. मग त्या बारशातल्या बाळाची मुंज. भाडं आपलं तसंच. कोणी आपणहून द्यायला आलंच तर आतोबा हात मागे बांधून उभे राहतात, "राहू दे, राहू दे, सावकाश," आणि माणूस खरंच सावकाश घेतो. इकडे भांडी घेणं मात्र थांबत नाही. कुंभकोणमहून एक भांडीवाला व्यापारी यायचा. दुकानाच्या मालकाला आमच्याकडे मुदलाळी म्हणतात, म्हणून तो आमचा मुदलाळी. तो नवी परात दाखवायचा, हे टिचकी मारायचे, डोळे मिटायचे, आणि परात उधारीवर घरात यायची.

एके दिवशी मुदलाळी आला तो परात न घेताच आला. कॉफी प्यायला, पेला खाली ठेवला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "अण्णा, पोंगलपर्यंत माझे पैसे द्या. नाहीतर मला कोर्टात जावं लागेल. मला आवडणार नाही, पण जाईन." तो गेला. आतोबा बराच वेळ थोरलीला टेकून बसले. मग मला म्हणाले, "अरे, तो आपल्याला कोर्टात ओढणार. त्यापेक्षा आपणच आधी जाऊन दिवाळं काढलेलं बरं. मान राहतो."

त्या दिवसापासून दिवाळं या विषयात आतोबांचा जो अभ्यास सुरू झाला, तो पाहून कायद्याच्या कॉलेजानं त्यांना पदवी दिली असती आणि लगेच काढूनही घेतली असती. सगळी माहिती त्यांनी देवळाच्या कट्ट्यावरून, सलूनमधून आणि नारळवाल्याकडून गोळा केली होती. आमच्याकडे माणूस बुडाला की 'डोक्यावर पंचा घेतला' असं म्हणतात. आतोबांना वाटलं, हा कोर्टाचाच नियम. म्हणून ते दुपारी गल्लीतून डोक्यावर पंचा घेऊन चालायचा सराव करायला लागले. आत्यानं आधी ऊन असेल म्हणून दुर्लक्ष केलं, पण घरात जेवतानाही पंचा उतरेना तेव्हा तिनंच तो ओढून काढला आणि त्यानं ओटा पुसला. मग कोणीतरी सांगितलं की दिवाळं काढण्याआधी सगळं बायकोच्या नावावर करायचं असतं. घर आत्याच्या नावावर होतंच, तिच्या वडिलांनी दिलेलं. उरली होती मोपेड. ती त्यांनी दुसऱ्याच दिवशी आत्याच्या नावावर केली. तेव्हापासून आत्या किल्ली कमरेला खोचून ठेवते, आणि आतोबांना देवळात जायचं असलं तरी "कुठं? किती वेळ? पेट्रोल कोण भरणार?" या तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात.

पण या सगळ्या समजुतींमध्ये एक समजूत अशी होती की जिचं हसू यायचं नाही. एका संध्याकाळी दुकान बंद करता करता त्यांनी मला हळूच विचारलं, "काय रे, दिवाळं निघालेल्या माणसाला लग्नाच्या पंगतीत बसवत नाहीत म्हणे. खरं?"

"कोणी सांगितलं?"

"नारळवाला म्हणत होता. पत्रिकाच येत नाही म्हणे."

आता हे तुम्हाला कळायला हवं. या माणसाला सिनेमाचा शौक नाही, प्रवासाचा नाही, पानतंबाखूचा नाही. पंगतीत पहिल्या रांगेत टोकाला बसायचं, सांबाराची बादली समोर आली की तिला टिचकी मारायची आणि शेजारच्याला सांगायचं, "आपली." एवढ्यासाठी ते चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात धोतर नेसून गावोगाव लग्नाला जात आले. ते गेलं तर त्यांच्याजवळ उरणार होतं काय? मी म्हटलं, "चला, एकदा वकिलाला विचारू."

वकील म्हणजे आमच्याच गल्लीतली मुलगी. तिच्या बारशाला थोरलीतलंच पायस होतं. तिच्या ऑफिसात आत्याही आली, कारण मोपेड आता तिची होती. आतोबांनी बसल्या बसल्या पहिला प्रश्न टाकला. "कोर्टात पंचा साधा चालतो की जरीकाठी लागतो?"

वकीलबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"मामा, पंचा लागत नाही."

"बरं. आणि माझ्यासारख्याला दिवाळं काढता येतं का? मी काही लखपती नव्हतो कधी."

"कायदा इंग्रजांच्या वेळचा आहे मामा. पाचशे रुपयांचं कर्ज आणि ते फेडण्याची ऐपत नसली, तरी अर्ज करता येतो."

"पाचशे?" आतोबा आत्याकडे वळले. "ऐकलंस? म्हणजे अख्खी गल्ली बसते यात!" आपण एकटे नाही याचा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी टेबलावरच्या पाण्याच्या तांब्याला टिचकी मारली.

मग तिनं एकेक समजूत सोडवायला घेतली. तुरुंगात घालत नाहीत. अर्ज टाकल्या टाकल्या कर्ज पुसलं जात नाही, कोर्टाचा माणूस आधी आपली मालमत्ता ताब्यात घेतो, विकतो, देणेकऱ्यांचे पैसे वाटतो, आणि सुटका मागावी लागते ती नंतर. घाईघाईनं बायकोच्या नावावर केलेलं कोर्ट परत ओढू शकतं. हे ऐकून आत्यानं कमरेची किल्ली चाचपली.

"आणि भांडी?" आतोबा पुढे सरकले. याच प्रश्नासाठी ते आले होते. "स्वयंपाकाची भांडी कायदा सोडतो असं ऐकलंय."

"सोडतो."

"बघ!" आतोबा उभेच राहिले. "मग माझं काय जातंय? माझ्याकडे दुसरं आहे काय? सगळी स्वयंपाकाचीच!"

"मामा, घरच्या स्वयंपाकाला लागतील तेवढी."

"लागतात."

"तुम्ही घरात दोघं. थोरलीत काय शिजवता?"

आतोबांनी विचार केला. "रसम."

"अय्यो!" आत्या म्हणाली. "दोघांचं रसम थोरलीत घातलं तर ते शोधायला आत उतरावं लागेल."

वकीलबाई हसली, पण लगेच गंभीर झाली. "मामा, आणखी एक. तुम्हाला लोकांकडून येणं आहे ना, भाड्याचं? तेही सांगावं लागतं. ती तुमची मालमत्ता. कोणत्या घराकडून किती, सगळं. मग कोर्टाकडून त्या घरांना नोटीस जाते आणि वसुली होते."

आतोबा खुर्चीत खाली बसले.

"मला कोणाकडून काही येणं नाही," ते म्हणाले.

"मामा, आमच्याच घराकडून आहे. ताईच्या लग्नाचं."

"नाही."

"आतोबा," मी म्हटलं, "निम्म्या गावाकडून आहे."

"नवरीच्या बापाला कोर्टाचा कागद पाठवू?" त्यांनी खुर्ची मागे सारली. "ज्या घरी जेवलो त्या घरी? अगं, मग मला पंगतीत कोण बसवील, आणि मी तरी कोणत्या तोंडानं बसू? थोरली न्या. सगळी न्या. मी कोणाचंही नाव सांगणार नाही." आणि ते उठून बाहेर जाऊन मोपेडजवळ उभे राहिले. किल्ली नव्हती म्हणून पुढे जाता आलं नाही.

आत्या मात्र बसून राहिली. तिनं वकीलबाईला पुन्हा एकदा विचारलं, "भाडं म्हणजे आपलीच मालमत्ता, असं म्हणालीस ना?" आणि नंतर घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. आत्या गप्प बसली की काहीतरी शिजत असतं, हे आमच्या घराण्यात सगळ्यांना माहीत आहे.

आतोबांना आता एकच गोष्ट रीतसर करायची होती. आमच्याकडे दिवाळ्याच्या नोटिशीला पिवळी कडुदासी म्हणतात, कडुदासी म्हणजे पत्र. जुन्या काळी ती पिवळ्या कागदावर निघत असावी. पण आतोबांचं म्हणणं असं की आपल्याकडे ज्या पत्राला कोपऱ्यात हळद लावतात ते पत्र हातानं, घरी जाऊन, नवराबायको दोघांना, ताटात विडा-सुपारी ठेवून द्यायचं असतं. पोस्टानं पाठवलं तर अपमान. तेव्हा ज्यांचे पैसे बुडणार त्यांना घरी जाऊन बोलावल्याशिवाय दिवाळं कसं काढायचं? वकीलबाईनं सांगितलं की असलं काही लागत नाही. आतोबा म्हणाले, "कायद्याला लागत नसेल. मला लागतं."

अर्ज शुक्रवारी टाकायचा होता, तो आतोबांनी पुढे ढकलायला लावला, कारण शुक्रवारी कोर्ट उघडतं नेमकं तेव्हा राहुकाळ लागतो. सोमवार ठरला, आणि आदल्या रविवारी घरी पंगत. मग ते छापखान्यात गेले. छापखानावाल्यानं आयुष्यभर लग्नाच्या पत्रिकाच छापलेल्या. त्यानं दुसरा मजकूर कुठून आणायचा? पत्रिका तमिळमध्ये होती, पण तिचा अर्थ असा: 'आमचे येथे श्रीकृपेकरून अमुक यांचे दिवाळे काढण्याचे योजिले आहे. तरी आपण सहकुटुंब, इष्टमित्रांसह येऊन, भोजन करून, आम्हास आशीर्वाद द्यावेत.' खाली आतोबांनी आवर्जून एक ओळ घालायला लावली होती: 'कृपया मोय आणू नये.' मोय म्हणजे आमच्या मुलखातला आहेर, पाकिटातून द्यायचे पैसे. इकडे कोणत्याही कार्याला रिकाम्या हातानं जात नाहीत. देणेकऱ्यांना जेवायला बोलावून वर त्यांच्याकडून मोय घेणं आतोबांना रुचणारं नव्हतं.

पत्रिका हव्या होत्या दहा-बारा. पण छापखानावाला शंभरांहून कमी छापत नाही. "उरलेल्या पुढच्या वेळी वापरा," तो म्हणाला.

आता पुढे जे झालं ते सगळं मला नंतर कळलं. मुद्रण सुरू होण्याआधी आत्या छापखान्यात जाऊन आली होती. ती शेवटची ओळ तिनं काढायला लावली, आणि छापून आलेली पत्रिका आतोबांनी काही पुन्हा वाचली नाही. आणि आतोबा आपल्या दहा-बारा पत्रिका घेऊन देणेकऱ्यांकडे विडा देत फिरत होते, तेव्हा उरलेल्या पत्रिका, मोपेड आणि हळदीची वाटी घेऊन आत्या दुसऱ्या रस्त्यानं गावभर फिरत होती. ज्या ज्या घरी थोरली जाऊन आली होती त्या प्रत्येक घरी. भाड्याचा उल्लेख तिनं कुठेही केला नाही. फक्त म्हणाली, "आमच्या घरचं हे पहिलंच कार्य. या हं."

रविवारी सकाळी थोरली अंगणात चुलीवर चढली. पायसाचा गूळ आणि तांदूळ वाण्यानं उधारीवर दिले. तो स्वतः देणेकरी होता, पण जेवायला येणार असल्यानं त्यानं गूळ चांगल्यातला दिला. आतोबा नवं धोतर नेसून दारात उभे. पहिला आला मुदलाळी, बायको रेशमी साडीत. त्यानं आतोबांच्या हातात एक झाकणाचा डबा ठेवला. "हे काय?" आतोबा गोंधळले. "मी तुमचे पैसे बुडवतोय मुदलाळी!"

"ते उद्या. आज घरी बोलावलंत ना? रिकाम्या हातानं कसं यायचं?"

आतोबांनी डब्याला टिचकी मारली. राहवलं नाही.

आणि मग माणसं यायला लागली. वीस वर्षांपूर्वीचे नवरे, नवऱ्या, त्यांची मुलं, व्याही. कोणी मोठ्या गाडीतून, कोणी डेल्टातल्या गावाहून बसनं, डोक्यावर नारळांचं पोतं आणि हातात पाकीट घेऊन. वकीलबाईला कोणीतरी दारातल्या पाटावर बसवलं आणि तिच्यापुढे मोय घ्यायला ताट ठेवलं. पाकिटं पडत गेली. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं पाकीट टाकताना आतोबांचा हात धरला. "अण्णा, माझ्या मीनाच्या लग्नाला भांडी दिली होतीत. तीनदा द्यायला आलो, तुम्ही घेतलं नाहीत. आज कार्य आहे, आज नाही म्हणायचं नाही."

"मीनाच्या लग्नात पायस पातळ झालं होतं," आतोबा पुटपुटले. त्यांचे डोळे भरले होते. "आचाऱ्याची चूक. थोरलीची नव्हे."

संध्याकाळी केळीची पानं उचलल्यावर वकीलबाईनं पाकिटं उघडली. मुदलाळीचे बहुतेक पैसे निघाले, वाण्याचेही. राहिलेल्याबद्दल मुदलाळी म्हणाला, "सावकाश द्या. पण माझ्या नातवाच्या मुंजीला थोरली पाहिजे. भाडं देईन."

आतोबांनी तोंड उघडलं. "राहू दे, सावका—"

"आगाऊ," आत्या म्हणाली.

वकीलबाईनं अर्जाचे कागद बॅगेत टाकले. "मामा, उद्या कोर्टात यायचं कारण नाही. तुमचं दिवाळं निघत नाही."

मला वाटलं, आतोबा आनंदानं उडी मारतील. त्यांचा चेहरा पडला. "निघत नाही म्हणजे? अगं, एवढी माणसं जेवून गेली! आशीर्वाद देऊन गेली! आता त्यांना काय सांगू?" ठरलेलं लग्न मोडावं तसे ते पुढचे चार दिवस गल्लीत तोंड चुकवत हिंडत होते. शेवटी त्यांनी स्वतःशीच एक निकाल लावला. ते भाडं नव्हतंच, मोय होती, आणि मोय परत करायची असते. त्यामुळे आज त्यांच्या हिशेबानं ते अख्ख्या गावाचं देणं लागतात आणि त्यात भयंकर सुखी आहेत. कोणी अडचणीत आलेला माणूस सल्ला विचारायला आला तर त्याला गंभीरपणे सांगतात, "दिवाळं काढू नका हो. फार खर्च येतो. गाव जेवू घालावं लागतं."

परवा वकीलबाईचं लग्न झालं. हल्ली लग्नं मंडपाच्या हॉलात होतात, तिथं स्टीलची भांडी हॉलवाल्यांचीच असतात, आणि थोरली महिनोन् महिने दुकानातून बाहेर पडत नाही. पण या मुलीनं हट्ट धरून पायस थोरलीत करायला लावलं. भाडं आत्याच्या हातात आगाऊ ठेवलं. आतोबा पहिल्या रांगेत टोकाला बसले. सांबाराची बादली आली, टिचकी मारली, काही बोलले नाहीत. रसम आलं, तेव्हाही नाहीत. मग पायस आलं ते थोरलीबरोबरच्या जुन्या ओगराळ्यातून. आतोबांनी ओगराळ्यालाच टिचकी मारली, वाढप्या दचकला, आणि हे शेजारी बसलेल्या नवरदेवाच्या काकांकडे वळून म्हणाले, "आपलं."

परत आणताना थोरली टेम्पोत चढवायला माणसं मिळेनात. केटरिंगच्या पोरांना बांबू कुठून घालायचा हेच ठाऊक नव्हतं. आतोबांनी दाखवलं, मग स्वतः मागे तिच्याशेजारी चढून बसले. एका हातानं तिचा काठ धरलेला. मी स्कूटरवर टेम्पोच्या बाजूबाजूनं चाललो होतो. सिग्नलला थांबलो तेव्हा ते खाली वाकून म्हणाले, "पुन्हा कधी बोलावतील रे कोणी?"

"असं काय बोलता आतोबा? तुम्हाला गाव बोलावतं."

"मला नव्हे रे," ते म्हणाले, आणि काठावरून हलकेच हात फिरवला. "मला बोलावतील. हिचं म्हणतोय मी."